आठ दिवसांचं बाकडं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आम्हा सगळ्यांचे वडीलधारे बाजीरावअण्णा, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती आनंदराव जमादार, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या रतनवहिनी, भोरच्या बाजारपेठेतले माझे व्यापारी बंधू, वेल्ह्याहून दुपारच्या एस.टी.नं मुद्दाम आलेली मंडळी आणि खुर्ची न मिळाल्यामुळं भिंतीला पाठ लावून उभे असलेले सज्जन हो, आपणा सर्वांना सावळाराम कासाराचा नमस्कार.

अण्णांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मला बोलायला उभं करताना ते नेहमी घड्याळ काढून टेबलावर ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. माझं बोलणं आमच्या दुकानातल्या मांडणीसारखं आहे. एक तांब्या काढायला जावं आणि चार घरंगळत यावेत. पण आज तसं होणार नाही. आज एकच तांब्या काढायचा आहे.

जमादारांनी बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ आपल्या भोरात. आता ते गुंजवण्याला आपल्या भातशेतीकडं जाणार. त्यांच्याबद्दल पुष्कळांनी चांगलं सांगितलं. मी एक बारीकशी गोष्ट सांगतो. माझ्या दुकानात यायचं असलं की जमादार आपली सायकल चार दुकानं अलीकडं, पिंपळाखाली लावायचे आणि चालत यायचे. एकदा मी म्हटलं, “जमादार, सावलीत पायरीशीच लावा की.” तर म्हणाले, “सावळाराम, पोलिसाची सायकल दारात दिसली तर तुमच्याकडं भांडं मोडीत विकायला आलेली बाई परत जाईल. तिला आज त्याच पैशांवर चूल पेटवायची असेल.” दारात सायकल कुठं लावावी याचा असा विचार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ही गोष्ट मी उगाच सांगत नाही. आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. नवी भांडी विकताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचं, चार प्रश्न विचारायचे, लग्न कुणाचं, मुलगी कुठं दिली. पण मोड घेताना, म्हणजे जुनं तांबं-पितळ घेताना, काही विचारायचं नाही. तोंडाकडं बघायचंसुद्धा नाही. मान खाली, नजर तराजूवर. माझ्या वडिलांनी मला हे शिकवलं. माहेरचं नाव घातलेली घागर घेऊन बाई पायरी चढते तेव्हा तिचं मन काय म्हणत असेल? त्यात आपण आणखी विचारायचं का, की बाई, का विकतेस? आम्ही ही रीत पाळली, आणि मला तिचा अभिमान होता.

सात वर्षांपूर्वी, एकोणसत्तर साली, जमादारांनी आम्हा मोड घेणाऱ्या सात दुकानदारांना चावडीवर बोलावलं. तेव्हा गावोगाव वीज येत होती, पाण्याच्या मोटारी बसत होत्या, आणि तारा, नळ्या, पितळी झडपा नाहीशा होत होत्या. जमादारांचं म्हणणं साधं होतं. घरच्या भांड्यांबद्दल काही विचारू नका. पण तार, नळी, झडप, मोटारीचा भाग आला तर माणसाचं नाव-गाव विचारा. आणि आलेला माल लगेच आटवायला पाठवू नका. दुकानाबाहेर बाकडं टाका, त्यावर आठ दिवस उघड्यावर ठेवा. ज्याची वस्तू गेली असेल तो येईल आणि ओळखेल.

त्या दिवशी विरोध करायला कोण उभं राहिलं? मी. तुमच्यातल्या पुष्कळांना ते भाषण आठवत असेल. मी गरिबाच्या अब्रूबद्दल बोललो. म्हटलं, आज तारेचं विचारा म्हणता, उद्या घागरीचं विचारा म्हणाल. आमच्या पायरीवर माणूस मान खाली घालून येतो, त्याची मान आम्ही आणखी वाकवायची का? लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर डोळे पुसले. जमादारांनी कागद घडी करून खिशात घातला. त्या रात्री मी घरी जाऊन बायकोला सगळं भाषण पुन्हा म्हणून दाखवलं.

त्यानंतर महिनाभरानं, भाद्रपदात, बाजारच्या दिवशी सकाळी एक माणूस गोणपाटात गुंडाळलेली तांब्याची जाड तार घेऊन आला. पाऊस लागला होता, त्याच्या डोक्यावर इरलं होतं. माझी नजर तराजूवर. एवढंच आठवतं की त्याच्या पायांना चिखल होता आणि आवाज नरम होता. आपणहून म्हणाला, “जुनी तार हाय, मालक. जमिनीत पुरल्याली व्हती. कुणाच्या कामाची न्हाई.” मी वजन केलं, पैसे दिले, तो गेला. तो कुठल्या गावचा, हे मी विचारलं नाही.

दुपारी बाजार जरा ओसरला तेव्हा मी ती तार साफ करायला घेतली. तिला काळं-पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं. नखानं खरवडलं. काळं होतं तो कोळसा. पांढरं काय ते कळेना, म्हणून जिभेला लावलं. मीठ होतं. आणि ती तार कसली ते मला त्या क्षणी कळलं.

कसं ते सांगतो. त्याच्या आदल्याच वर्षी मी भांडी घासून चकचकीत करायला विजेची मोटार बसवली होती. वायरमननं परसात खड्डा खणला आणि कोळसा आणि मीठ मागितलं. “जमिनीला कशाला मीठ लागतंय?” म्हणून आमच्या घरात दोन दिवस कुरकुर चालली होती. वायरमननं मला समजावलं होतं. मोटारीपासून एक तांब्याची तार जमिनीत जाते, मीठ-कोळशात पुरलेली. रोजच्या कामात तिचा काही उपयोग दिसत नाही. ती काढून नेली तरी मोटार फिरतच राहते, कुणाला पत्ता लागत नाही. पण मोटारीत ओल शिरली, कुठं बिघाड झाला, तर वीज त्या तारेतून जमिनीत जाते. तार नसेल तर ती सगळ्या लोखंडात उतरते आणि वाट बघत बसते. पहिला जो ओला माणूस हात लावेल त्याची.

मंडळी, ती तार माझ्या मांडीवर होती. बाहेर पाऊस होता. भोर आणि वेल्हे मिळून किती गिरण्या, किती पंप? त्यातली कुठली गिरणी त्या क्षणी बिनतारेची चालू होती? कुठल्या गावाला निरोप पाठवायचा? मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. माझी मुलगी सरू तेव्हा नसरापूरच्या बाजूला दिलेली. ती दर आठवड्याला दळण घेऊन जायची. मला तिचा ओला हात दिसायला लागला. मग दुसऱ्या कुणाचा. मग नुसते हातच. आजही पावसात गिरणीचा आवाज ऐकला की मला ते हात दिसतात.

मी जमादारांकडं गेलो. तार पुढ्यात ठेवली. त्यांनी मला एका शब्दानं टोचलं नाही, महिन्याआधीच्या टाळ्यांची आठवण दिली नाही. “कुणी आणली?” विचारलं. मी म्हटलं, “बघितलं न्हाई.” ते तसेच पावसात सायकलवर वीज कचेरीत गेले. साहेब म्हणाले, एवढ्यासाठी दोन तालुके बंद करता येणार नाहीत. जमादारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, माणूस मेला तर पंचनामा मलाच लिहायचा हाय. त्यात म्या लिहीन, दोन वाजून वीस मिनिटांनी सांगितलं व्हतं.” साहेबांनी लाईन बंद केली. संध्याकाळपर्यंत दोन वायरमन आणि जमादार गावोगाव फिरत होते. बिनतारेची गिरणी शेवटी सापडली ती वेल्ह्यात, चिमाजी गिरणीवाल्यांची.

पण तिथं दुपारी दीडच्या सुमारासच व्हायचं ते होऊन गेलं होतं. फुलाबाई नाचणीचं दळण घेऊन आल्या होत्या. शेताच्या बांधावरून थेट आलेल्या, पाय ओले. दाणे खाली सरत नव्हते म्हणून त्यांनी लोखंडी तोंडावर हात ठेवला. हात सुटेना. चिमाजींनी कोरड्या बांबूनं तो सोडवला म्हणून जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं मात्र वळत नाहीत ती नाहीतच. भाताची लावणी बोटांनीच होते. तेव्हापासून फुलाबाई डाव्या हातानं रोप लावतात, आणि बायकांच्या ओळीत मागं पडतात.

फुलाबाई इथं दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हात पदराखाली घेतला त्यांनी. बाई, असू द्या. तुम्ही उठू नका, माझं थोडंच राहिलं आहे.

त्यानंतर आमच्या सातही दुकानांपुढं बाकडी आली. पहिलं बाकडं मी टाकलं. सात वर्षांत त्या बाकड्यांवरून लोकांनी आपल्या किती झडपा, किती नळ्या ओळखून नेल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढं पुढं तर चोरीचा माल भोरात यायचाच थांबला. आणि एकाही बाईला कुणी तिच्या घागरीबद्दल विचारलं नाही. मी उगाच घाबरवलं होतं तुम्हाला.

तरी माझी भीती गेलेली नाही. तो माणूस आजवर सापडला नाही. तो या सभागृहात बसलेला असेल, तरी मला ओळखता येणार नाही. कदाचित त्याला खरंच वाटलं असेल, जमिनीत पुरलेली तार कुणाच्या कामाची? त्याला त्या दिवशी एकानं नुसतं विचारलं असतं, कुठली तार, काढलीस कुठून, तर त्याचाही हात या पापातून सुटला असता.

आणि आता दुसरी भीती. उद्या सकाळी, जमादारांची पाठ वळताच, आमच्या व्यापारी मंडळींची बैठक आहे. बाकड्यांमुळं रस्ता अडतो, माल आठ दिवस पडून राहतो, लिहून कुठं ठेवलंय, कायदा आहे का, असं बोललं जातंय. मला परवा एका बंधूनं प्रेमानं सांगितलं, “सावळारामशेठ, तुमी ते चावडीवरचं भाषण पुन्यांदा करा. लई झकास झालं व्हतं.” म्हणून मी आज बोलायला उभा राहिलो. अध्यक्षमहाराज, नगरपालिकेत तुमचं वजन आहे. ही रीत जमादारांच्या भिडेखातर चालली, ती त्यांच्याबरोबर गुंजवण्याला जाऊ देऊ नका. तिचा लेखी नियम करा. आणि मोडला तर शिक्षा ठेवा, पहिली आमच्यासारख्यांना.

जमादार, तुम्ही गेली सात वर्षं ज्याला त्याला एक गोष्ट सांगत आलात. एक व्यापारी तार घेऊन पावसात धावत आला, म्हणून पुढचा अनर्थ टळला. माझं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत, माझी अब्रू राखलीत. तुमच्या तोंडून ती गोष्ट ऐकली की मी खाली बघायचो. तुम्हाला वाटायचं, विनयानं.

अण्णा, घड्याळ दिसतंय मला. एकच मिनिट.

मी धावत आलो नव्हतो. जिभेला मीठ लागलं तेव्हा शाळेची बाराची घंटा होत होती. तुमच्याकडं आलो तेव्हा दोन वाजले होते. मधले दोन तास मी दुकानात बसून होतो. चोरीचा माल घेतला म्हणून तुम्ही मला आत टाकाल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ही भीती होती. ती तार नीरेत टाकून यावी असंही मनात आलं. मी घरी जाऊन जेवलो, मंडळी. भात जेवलो, ताक प्यालो. आणि दीड वाजता फुलाबाईंनी गिरणीवर हात ठेवला.

हे मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

जमादार, आपल्याला आणि रतनवहिनींना उदंड आयुष्य लाभो, गुंजवण्याचं शेत भरभरून पिको. आजचा कार्यक्रम जमवून आणणाऱ्यांचे, अध्यक्षांचे आणि माझं एवढं ऐकून घेतलंत त्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. पण माझी चूक बोलण्यातली नाही. ती दोन तास गप्प बसण्यातली आहे, आणि तिची माफी मला सभेकडून नको. फुलाबाई, ती तुमच्याकडं मागतो. तुम्ही आज दिली नाहीत तरी चालेल. उद्या सकाळी बाकड्यांच्या बैठकीला मात्र या, आणि पुढच्या रांगेत बसा. त्यांना तुमचा हात बघू द्या.