फायटर मासा आणि सासूबाईंचा संशय

माझ्या सासूबाईंचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता, अगदी माशावरसुद्धा. आम्हाला मुलगी झाली तेव्हा त्या बायकोच्या मदतीला नरखेडहून धरमपेठेत आल्या होत्या. नागपुरात टीव्ही अजून यायचा होता, त्यामुळे त्या दुपारभर माझ्या माशांच्या पेटीसमोर बसायच्या. तिथे फायटर माशाच्या नराने पाण्यावर फेसाचं घरटं केलं होतं आणि त्यात अंडी होती.

एक दिवस मी ऑफिसातून आलो, तर त्या दारातच म्हणाल्या, "जावईबापू, तो बाप अंडी खाऊन राहिला होता. म्या काढला त्याले बाहेर."

मासा लोट्यात फिरत होता आणि अंडी पेटीच्या तळाशी पडली होती.

"आई, तो खात नाही हो. पडलेलं अंडं तोंडात धरून वर नेऊन ठेवतो."

"बाप अन् पोरं सांभाळते? मले नका सांगू!"

मी मासा परत सोडला. त्याने थेट तळ गाठला, तोंड भरून अंडी उचलली आणि फेसात नेऊन चिकटवली. पुन्हा खाली, पुन्हा वर. पुढे अंडी फुटली, फेसाखाली पिल्लांच्या बारीक शेपट्या लोंबू लागल्या.

"आता पटलं?" मी विचारलं.

"ते पटलं. पण याईची माय कुठं हाय?"

"वेगळ्या बरणीत ठेवलीय. अंडी झाली की हा तिला जवळ येऊ देत नाही, मारतो."

त्यांनी माशाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. आणि आतल्या खोलीकडे वळून बायकोला ओरडून म्हणाल्या, "शांते, मी काही एवढ्यात गावाले जात नाही वं!"