तारेवरची आरोळी

रविवारी संध्याकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर मलकापूरच्या गाडीची वाट बघताना प्रियदर्शनीनं कानातले हेडफोन काढले. मागं एक म्हातारं जोडपं बोलत होतं. तारेला लटकून दरी ओलांडायच्या खेळात बाई आज बसली होती.

"केवढ्यानं वरडलीस गं! एवढं भ्या वाटलं?"

"भ्या कशाचं?"

"मग वरडलीस कशाला?"

"वरडाय मिळालं म्हणून. घरात कवा मोठ्यानं बोलाय मिळालंय? आदी सासूबाई, आता सुना."

"माझ्याम्होरं तरी बोलायचं की."

"तुमच्याम्होरं तर न्हाईच."



"फुडच्या रविवारी परत जाऊया. मीबी बसतो तारेवर."

"तुमी कशाला? तुमी घरात वरडताय की."