कुसुमचं कोळशाचं मडकं

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. बाप राइस मिलच्या कामावर रायपूरले आला, मंग मीबी त्याच मिलच्या बॉयलरवर फायरमन लागलो. शाळा चौथीपर्यंत, पुढची सारी शाळा भट्टीची. धानाचा भुसा झोकायचा, सळईनं खालवर करायचा, हवा द्यायची. राख पांढरीफेक निघाली का समजायचं, भुसा पुरा जळला. जलमभर हेच केलं. काय सांगू तुमाले भैया, आमचं क्वार्टर चिमणीच्या खालीच होतं. माहा धूर कुसुमनं खाल्ला. कुसुम माही बायको. दम्यानं गेली, तीन वर्सं झाली. डॉक्टर काहीबी म्हनो, मले ठाऊक हाय कोनाच्या धुरानं गेली ते.

तिची एक खोड होती. सैपाक झाला का चुलीतले लाल कोळसे मडक्यात टाके, वरून झाकण, झाकणाले ओली माती. सकाळी काळे कोळसे काढे, शेगडीले. मी हासो, म्हनो आख्खा बॉयलर हाय माह्याजवळ अन तू मडकी झाकून राहिली. ती म्हने तुमाले निस्तं जाळता येते, विझवता येत नाई.

आता मजा आयका. औंदा मिलच्या मागं सरकारी शेड उभं राहिलं, लाकडाचा कोळसा करून पाहाचं. साहू मॅडम म्हनून इंजिनेर पोट्टी हाय, मराठी समजते पन बोलते हिंदी. तिनं सांगतलं का काकाजी, दिल्लीच्या सरकारनं ठरवलं हाय, निस्ता धूर कमी करून भागत नाई, वर गेलेला कार्बन खाली आणणाऱ्यालेबी सरकार हात देनार. झाड हवेतला कार्बन खाते, जाळलं का तो परत वर जाते, कोळसा करून मातीत पुरला का खालीच बसते. पन सरकार पहिले तपासनार, कोळसा खरंच बनते का, मातीतच जाते का, का कोनी शेगडीत घालते. मी म्हनलो, पोरी, जलमभर मी वर धाडलं, आता खाली आणतो, सांग कुठं उभं राहू!

अन पहिल्याच दिवशी घाण केली. तुराट्या अन छाटलेल्या फांद्या लोखंडी टाकीत पेटवल्या, हात सवयीचा, सळई घातली, हवा देली, सकाळी झकास पांढरी राख! मी छाती फुगवून उभा. मॅडम डोक्शाले हात लावून म्हने, काकाजी, ये क्या कर दिया, सब उड़ा दिया! दुसऱ्या खेपेले मॅडमनं टाकीवर झाकण घालाले लावलं, पन मी चोरून ते उचकून पाह्यलं, हवा शिरली अन परत राख. तिसऱ्या खेपेले दिल्लीचा साहेब येनार, तेबी राख झालं तर शेड दुसऱ्या जिल्ह्यात. मले झोप लागे ना, म्हातारपणी एक काम भेटलं अन तेबी जाळून टाकतो का काय.

मंग मडकं आठवलं. धूर पांढऱ्याचा निळा झाला, निळ्याचा दिसेनासा झाला, तसं झाकण टाकलं अन शेन-मातीनं काठ लिपला. सळई मॅडमच्या गाडीत ठेवून देली, हात शिवशिवतात ना! साहेब म्हने, बाबा, ज़रा खोलके दिखाओ. म्या म्हनलो, साहेब, माही बायको मले मडकं उघडू देत नव्हती, तुमाले कशी देईन! मॅडम तोंडाले ओढणी लावून हासे. सकाळी टाकी गार लागली तवा उघडली. काळाकुट्ट कोळसा, हातात घेतला तर बांगड्यावानी वाजे! मी तिथंच नाचलो, ह्या गुडघ्यानं. साहेबानं वजन केलं, फोटो काढले, कोळसा शेणखतात कालवून आमच्यासमोर वावरात टाकला. म्हने शेड इथंच राहीन.

म्या इचारलं, हे मातीत किती दिवस टिकते? म्हने, बाबा, तुमच्या नातवाच्या नातवापर्यंत.

तिच्या शेवटच्या दिवसातलं मडकं घरी तसंच होतं, लिपलेलं. तिच्या हातचे कोळसे. जाळावंसं वाटे ना, फेकवत नसे. घरी गेलो, तिनं लावलेल्या गोडलिंबाखाली खड्डा केला, मडक्यावरची माती फोडली अन सारे कोळसे त्यात पुरले. हव, रडलो, काहून लपवू? पन हासलोबी. म्हनलो, कुसुम, विझवता आलं वं मले.

रोज शेडवर जातो. तुमीबी जाताना थोडा गोडलिंब तोडून न्या घरी. फोडणीत घाला, सुखी राहा.