बैठकीतला भोंगा

(गिरडजवळचं एक गाव, २००२. चुलीची खोली.)

देवकाबाई : अरे पण योगेंद्र, पाव्हणे बसतीन कुठं?

योगेंद्र : अंगणात. बैठकीत बसले तर भोंग्यातच बसतील.

देवकाबाई : लोक पोरगी दाखवाले घर सारवते. यानं बहिणीसाठी बैठकीचा भोंगा केला!

योगेंद्र : आई, प्लायवूड परवडत नाही. म्हणून कापसाच्या पऱ्हाटीचे दोन कुड, वरून शेणमातीचं लिंपण. या भिंतीत वीतभर भोक, त्यात जुना स्पीकर. तिथून भोंगा रुंद होत थेट पुढच्या दारापर्यंत. अ‍ॅम्प्लिफायर तीनच वॅटचा आहे; पण आवाज वाया जाऊ दिला नाही, तर तीन वॅट बसथांब्यापर्यंत पुरतात.

देवकाबाई : बसथांब्याले काऊन ऐकवतं? पोरगा अंगणात बसणार हाय!

योगेंद्र : मागचे दोन्ही पाहुणे "पोरगी मुकी आहे" म्हणून परत गेले. ती बोलली होती. मी शेजारी होतो म्हणून मला समजलं.

सपना : नाव सांगतलं होतं.

देवकाबाई : काय म्हणते?

योगेंद्र : नाव सांगितलं होतं, म्हणते.

सपना : हा पोरगा मले पायजे.

देवकाबाई : आता काय म्हणते?

योगेंद्र : भूपेंद्र तिला पाहिजे. वर्ध्याला एका वर्गात होते दोघं.

देवकाबाई : तिथं तरी बोलली का त्याच्याशी?

योगेंद्र : नाही. तोही नाही बोलला.

देवकाबाई : जीप आली वाटते! सपना, मागच्या दारानं चहा घेऊन जा. अन् तू लाव तुई मशीन.

योगेंद्र : बॅटरी कुठे गेली?

देवकाबाई : शेजारचे बंडूजी घेऊन गेले. त्यायचा ट्रॅक्टर चालू होत नव्हता. मले वाटलं, तुले काय, रेडिओच वाजवायचा असन.

योगेंद्र : आणि लाईन?

देवकाबाई : ते सकाळपासूनच नाई.

योगेंद्र : म्हणजे तीनही वॅट गेले.

सपना : दिला चहा. पोराचे बाबा, पुंडलिकराव, इचारून राह्यले, पोरगी बोलत काऊन नाई.

योगेंद्र : थांब, स्पीकरच काढतो. हं. या भोकात तोंड घाल आणि बोल.

देवकाबाई : पोरगी दाखवायची हाय का लपवायची?

योगेंद्र : दाखवून झाली. आता ऐकवायची आहे.

सपना : माझं नाव सपना.

देवकाबाई : अगं माय! मागच्या दारातून पाहा, पुंडलिकरावाच्या धोतरावर चहा सांडला! शेजारचा बैल उठून उभा झाला!

योगेंद्र : बघ. एकही वॅट लागला नाही.

सपना : दादा, भोकाले कान लावला त मले त्यायचं ऐकू येते.

योगेंद्र : कोणाचं?

सपना : अंगणातल्यायचं. कुजबुजते तेबी.

योगेंद्र : अरे, हो! भोंगा दोन्हीकडून चालतो. उलट बाजूचा विचारच केला नाही मी.

देवकाबाई : काय म्हणून राह्यले?

सपना : बाप म्हणते, पोरीचा आवाज लय मोठा हाय. घरात निभणार नाई.

देवकाबाई : घ्या! दोघं मुकी म्हणून गेले, हे बोंबलते म्हणून जातीन!

सपना : थांब ना. तो म्हणते, बाबा, मी झोपेत घोरतो हे सांगून टाकू का?

देवकाबाई : मंग बाप?

सपना : लगनानंतर सांगजो, म्हणते.

योगेंद्र : सपना, तोंड बाजूला घे. आता काही बोलू—

सपना : आताच सांगतलं तरी चालन जी.

देवकाबाई : मेली मी! गेलं का ते बाहेर?

योगेंद्र : पूर्ण गेलं. बसथांब्यावरचे हसताहेत.

देवकाबाई : मी नाई पाहात आता बाहेर. उठले का पाव्हणे? ऐक ना, सपना!

सपना : बाप उठला. चप्पल शोधून राह्यला.

देवकाबाई : अन् पोरगा?

सपना : दाराशी आला.

देवकाबाई : काय म्हणते?

सपना : लय हळू बोलते, आई. तुमी दोघं जरा गप राहा.