न बघितलेली म्हैस

हातकणंगल्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोन शेजारणी बोलत होत्या.

“नजीराभाभी, म्हैस कशी हाय आता?”

“म्हैस उठली, यल्लव्वाक्का. पण सातव्या म्हैन्यातच गाभडली. रेडकू मेलेलंच पडलं.”

“आगं बाई! कशानं?”

“सुईनं! चारा खाईना म्हणून कॉइनबॉक्सवरनं डॉक्टरला फोन केलता. त्यानं फोनवरच सुई सांगितली. दुकानातनं आणून आमच्या ह्यांनी टोचली.”

“गाभण हाय म्हणून सांगितलं न्हाईस?”

“सांगायच्या आत फोन ठेवला की त्यानं! त्यानं इचारायला नको व्हय?”

“मग तक्रार कर की.”

“केली. पशुसंवर्धनच्या हाफिसातला सायब म्हणतोय, फोनवरच्या औषधाला आमच्याकडं नियमच न्हाय.”

“आन् डॉक्टर?”

“त्यो म्हणतोय, मी तुमची म्हैस बघितलीच न्हाय, मग चूक माझी कशी?”

“बोलायला लाज न्हाय वाटली?”

“म्या म्हणलं, हेच कागदावर लिवून द्या, सही करून.”

“दिलं?”

“कुठलं देतोय! त्योच कागद आणाय निघालोय. दिल्याबिगर त्याच्या दवाखान्याच्या पायरीवरनं उठत न्हाय.”

“मग माझा बाजार ऱ्हाऊ दे. मीबी येतो तुझ्यासंगट.”