बंदुकीचं लायसन माह्या नावाचं

माहं माहेर कामठ्याचं. तिकडं सगळं सपाट, जिकडं पाहाल तिकडं धानाच्या बांध्या, जंगल म्हनाल तं आमराई अन् जनावर म्हनाल तं फार झालं तं कोल्हा. रानडुक्कर मी लग्न होईपर्यंत पाह्यलंच नव्हतं, काय सांगू तुमाले. अन् बापानं देल्ली कुठं तं इथं, नागझिऱ्याच्या जंगलाच्या काठाले, जिथं पाहुन्यापेक्षा डुकरंच जास्त येते. लग्नाच्या पैल्याच साली सासूबाईनं म्हनलं, सूनबाई, जा, वावरात शिदोरी नेऊन दे, मी गेली टोपलं घेऊन, अन् पाह्यलं तं पिकला धान सगळा लोळून पडला होता, चिखल उकरला होता. मी तिथंच रडाले लागली, मले वाटलं गावातल्या कोन्या दुस्मनानं केलं. आमचे मालक, म्हंजे माह्या टेकचंदचा बाप, हासाले लागले, म्हने, अवं पोरी, हा दुस्मन चार पायाचा हाये, ह्याच्यावर केस भी करता येत नाई.

मालकाजवळ भरमार बंदूक होती. तोंडातून बारूद भराची, गजानं ठासाची, टोपी लावाची अन् उडवाची. शेत राखाचं लायसन होतं त्याईच्या नावानं. शिकारीचं नाई बरं, शिकार तं कवाचीच बंद हाये, हे नुसतं पीक राखासाठी. अन् खरं सांगू, त्या बंदुकीनं एक भी डुक्कर मेलं नाई. माराचं तं फारेस्टवाल्याची परवानगी काढा, पंचनामा करा, कोन त्या भानगडीत पडते. छर्रा टाकतच नव्हते ते, नुसता बार काढत धाडकन, का डुकरं बोडीच्या, म्हंजे लहान तळ्याच्या, पारावरून जंगलात पसार. त्या मुक्या जिवाले मारून तरी काय भेटते, त्याले भी पोट हाये, त्याची पिल्लं भी संगं राह्यते. आमच्या बांध्या सगळ्यात शेवटच्या, जंगलाले लागून, डुक्कर आलं तं आमच्याच धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, येते, मंग मांगं शेजारच्या सोमाजीच्या वावरात, मंग बाकी गावाच्या. म्हनून आमची बंदूक वाजली का मांगचे लोक कूस बदलून झोपत.

मालक तापानं गेले. टेकचंद, माहा पोट्टा, तवा शाळेत होता. तेरवी झाली न झाली तं ठान्यातून निरोप, लायसनवाला गेला, बंदूक आनून द्या. मी म्हनलं, मालक गेले जी, डुकरं कुठं गेले. देल्ली बंदूक, अन् गेली गोंदियाच्या आफिसात, का माह्या नावानं लायसन करा. तिथला बाबू हिंदीवाला, म्हने, बाई, तुम बंदूक का क्या करोगी? म्हनलं, जो मेरा आदमी करता था वोईच करूंगी, और क्या. चिखल मी करतो, धानाचा परा मी लावतो, धान मी कापतो, तं बंदूक कायले नाई? हासला तो, पन कागद ठेवून घेतला. मंग गंज चकरा झाल्या, चपला घासल्या, अन् एक दिवस लायसन भेटलं, माह्या फोटोचं. त्याच्या आदी माहा एकटीचा फोटो कुठं नव्हताच, लग्नातला एक होता, त्यात भी पदर नाकापर्यंत. गावात तोपर्यंत मी अमक्याची सून नाईतं टेकचंदची माय, लायसनवर पूरं नाव, रेवंताबाई. तवापासून पोट्टे वरडाले लागले, पळा रे, बंदुकवाली रेवंताबाई आली. मले लय बरं वाटे, खोटं कायले बोलू.

आता निवडनुकीचं सांगू का तुमाले, नाईतं पुढचं समजाचं नाई. निवडनूक लागली का सगळ्या लायसनवाल्याईची बंदूक ठान्यात जमा कराची, हा कायदाच हाये. आमच्या गावचा कोतवाल नत्थू, तो थाळी वाजवत येते अन् वरडते, होऽ बंदुकीवाल्यानं आपापली बंदूक अन् लायसन घेऊन या होऽ. मंग आमी नळीले टोरीचं, म्हंजे मोहाच्या बियाचं, तेल लावाचं, हळदकुकू लावाचं, अन् आपली वळखू याले पायजे म्हनून चिंधी बांधाची, कारन ठान्यात भिताडाले लावून ठेवल्या का सगळ्या भरमारी सारख्याच दिसते. सोमाजी मडावी, आमचा धुरकरी, धुऱ्याले धुरा लागून, आता म्हातारा झाला, तो तं ठान्याच्या दारात बंदुकीले हात जोडते, म्हनते, माय, लवकर ये घरी. हवालदार भी हासत नाई त्याले, सवय झाली. अन् दरखेपेस हे कवा तं धान पिकाच्या टायमाले, जसं डुकराईनंच तारीख काढून देल्ली.

तरी चाललं होतं. पन मांगच्या काही सालात नियम बदलले. फी वाढली, अन् फीचं तं एक वेळ जाऊ द्या, संगं बंदूक चालवाच्या शिकवनीचा कागद आना, डाक्टरचा कागद आना, अर्ज कम्पुटरवर भरा, कम्पुटर बंद हाये उद्या या. आता सांगा, एक डाव गोंदियाले जाचं म्हंजे दिवसाची मजुरी बुडते. लोक म्हनाले लागले, बापा, डुक्कर जेवढं खाते त्याच्याहून हे लायसन जास्त खाऊन राहिलं. कोनी बंदूक देऊन आलं, कोनाचा बाप मेला तं पोरानं नावावर केलीच नाई. गावोगावी असंच. आमच्या गावात दोनचार उरल्या, सोमाजीची अन् माही धरून, अन् मुदत सगळ्याईचीच संपत आली होती.

तं एका साली पाऊस सरला, दसरा तोंडावर, अन् नत्थू आला थाळी वाजवत. होऽ बंदुकीवाल्यानं आपापली बंदूक अन् लायसन घेऊन बाजाराच्या दिवशी तालुक्याले, गोरेगावले या होऽ. आमी म्हनलं, लागली वाटते निवडनूक. कोनी म्हने झेडपीची, कोनी म्हने पंचायतची, सोमाजी म्हने, कोनची भी असो, जमा तं कराचीच हाये. लावलं तेल, लावलं हळदकुकू, बांधली चिंधी. टेकचंदच्या फटफटीवर मी मांगं बसली, बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून आडवी मांडीवर. बाजारात एक भाजीवाली म्हने, बुढे, कोनावर चालली वं बंदूक घेऊन? म्हनलं, जावयावर, पोरीले माहेरी धाडत नाई तो. मले पोरगीच नाई, पन तोंड कायले बंद ठेवा.

गेलो तं तिथं मांडव टाकलेला, खुर्च्या, पान्याचा ड्रम, टेबलामांगं एक तरना सायब, गोंदियाच्या आफिसातला, बोलाले एकदम पुस्तकातल्यावानी, पुन्याकडचा असंल. आजूबाजूच्या गावचे भी बंदुकीवाले जमले होते, रांग लागली. सायब इतका खूस, इतका खूस, जो येईन त्याले म्हने, या, बसा, काका तुम्ही इकडे बसा, आजी तुम्हाला पाणी देऊ का. मी टेकचंदले म्हनलं, काऊन रे, आज सरकार येवढं गोड काऊन बोलून राहिलं? मंग त्यानं उभं राहून सांगाले सुरुवात केली, का तुमचे परवाने संपत आले आहेत, ते पुन्हा करून घ्या, शस्त्र तपासायला आणलं ते बरं केलंत, फी इतकी इतकी, हा कागद, तो कागद. कोनाले काईच समजे ना. शेवटी सोमाजी उठला अन् म्हने, सायब, ते ठीक हाये, पन जमा केल्याची पावती कवा देता?

सायब म्हने, कसली जमा? सोमाजी म्हने, निवडनुकीची. सायब म्हने, काका, निवडणूक कुठाय? हे तर परवाने वाढवायचं शिबिर आहे. आता घ्या! सगळ्या मांडवात हासू फुटलं, नत्थू कोतवाल मांगच्या मांगं कुठं पळाला दिसलाच नाई. पन त्याची तरी काय चुकी जी, त्याले वरून सांगितलं, बंदूक आना म्हना, त्यानं तसंच वरडलं, अन् आमाले आजपर्यंत बंदूक घेऊन कोनी बोलावलं तं ती ठेवून घ्यालेच बोलावलं, लायसन वाढवाले कोन्या सरकारनं थाळी वाजवली?

हासू थांबलं अन् सोमाजी तसाच उभा. त्यानं बंदुकीकडं पाह्यलं, म्हने, सायब, हळद लावून आनली, हात जोडून निरोप देऊन आनली, आता वापस कायले नेऊ? तुमची येवढी फी अन् हे कागद माह्यानं होत नाई. ठेवून घ्या, कायमची. अन् ठेवली टेबलावर. त्याचं पाहून दुसरा उठला, मंग तिसरा. हवालदार लिहून घेऊन राहिला, टेबलावर बंदुका रचून राहिल्या, अन् सायब खुर्चीत बसून कपाळाले हात लावून. मले म्हने, आजी, काय सांगू, फी वाढवली तर उत्पन्न वाढेल असं वरती वाटलं होतं, ते दरवर्षी कमीच होत चाललंय, लोक परवानेच सोडतायत. का कमी झालं म्हणून मलाच विचारतात, म्हणून हे शिबिर घेतलं, तर उरले होते तेही गेले. मी आता लिहू काय? अन् डोळ्यात पानी त्या पोराच्या. टेकचंदच्याच वयाचा असंल. त्याच्या मायनं पाह्यलं असतं तं तिले काय वाटलं असतं.

टेकचंद कानाशी म्हने, आई, दे तू भी, सगळ्याईनं देल्ली, खर्च वाचन. माहा हात लुगड्यावर होता, तो निघेच ना. तेवढ्यात सोमाजी येऊन म्हनते कसा, रेवंता, तुही घरीच राहू दे वं बाई, तुही वाजली तं आमचा भी धान राहीन. माहं डोस्कं असं तडकलं! म्हनलं, वा रे वा, स्वतःच्या देल्ल्या अन् माही राहू दे म्हन्ता, मी काय गावची रखवालदार हावो का, फी तुमचा आजा भरन? मंग वाटलं, खोटं तं बोलून नाई राहिला म्हातारा, डुक्कर येईन तं माह्याच धुऱ्यावरून येईन. अन् अजून एक वाटलं, ते तुमाले सांगतो, टेकचंदले नाई सांगितलं. लायसन गेलं तं मी मंग पुन्हा टेकचंदची मायच. इतकं वय झालं तरी ते नको वाटलं मले. म्हनलं, सायब, लिहा, एक लायसन वाढलं.

दिवाळीच्या लुगड्याचे पैसे ठेवले होते ते गेले. पन सायबानं भी मानुसकी ठेवली, शिकवनीचा कागद, फोटो, कम्पुटर, सगळ्या ठिकानी संगं राह्यला, एका डाव घरून डबा आनला अन् अर्धा मले देल्ला. डाक्टर म्हने, बाई, डाव्या डोळ्यात मोती यून राहिला, डुक्कर दिसंल का? म्हनलं, दिसाले कायले पायजे जी, ते जवा येते तवा अख्ख्या गावाले ऐकू येते. हासला अन् सही करून देल्ली. दिवाळी झाली अन् लायसन आलं, पाच वर्साचं. सायबानं फोनवर सांगितलं, आजी, त्या शिबिराची सगळी कमाई म्हणजे तुम्हीच. मी सोमाजीले चिडवलं, सरकार माह्या पैशावर चालून राहिलं, माह्याशी जरा अदबीनं बोलत जा.

अन् मंग, काय सांगू तुमाले, हलका, लवकर येनारा धान कापून झाला होता, भारी धान उभा, लोंब्या वाकल्या, आठ-दहा दिवसाचं काम, अन् नत्थू आला. ह्या डाव थाळी नव्हती त्याच्या हातात. गावात बंदूक एकच उरली, तं थाळी कोनासाठी वाजवाची? सरळ आंगनात आला, खाली पाहूनच म्हने, काकी, निवडनूक लागली, खरीखुरी. मी रडली त्या दिवशी, लपवत नाई. कोरं लायसन, एक बार भी काढला नव्हता. नेऊन देल्ली ठान्यात. भिताडाशी एकटीच उभी केली हवालदारानं, पैले कशी गर्दी राहे तिथं. सायबाचा फोन आला, म्हने, आजी, मला माहीत असतं तर... म्हनलं, बापू, तू कायले मनाले लावून घेते, तू तुह्या खुर्चीवर मी माह्या धुऱ्यावर, दोघाईले वरूनच हुकूम. जेवला का, इचारलं.

आता सोमाजी, अन् गावातल्या ज्याईनं ज्याईनं बंदुका देल्ल्या ते सगळे, रोज सांजेले माह्या धुऱ्यावर येऊन बसते. मी बोलावलं नाई, लाज वाटली असंल त्याईले. तेलाचे रिकामे डबे बडवते, हाकारे देते, शेकोटीत शेंगा भाजते. डुकरं भी हुशार झाले हो, बार वाजत नाई म्हंजे निवडनूक हाये हे त्याईले समजते. दोन बांध्या गेल्या, बाकीचं वाचलं तं वाचलं, सगळ्याईचं पोट भरो बापा, त्याईचं भी अन् आपलं भी. लायसन घरी हाये, पाच वर्साचं, माह्या नावाचं, माह्या फोटोचं. डुकराले वाचता आलं असतं तं धुऱ्यावर टांगलं असतं अन् आरामात झोपली असती.