सातवं फूल

येरेवानमधल्या एका जुन्या संगीतकाराच्या, आता संग्रहालय झालेल्या घरी पियानो बघायला रांग लागली होती. ह्रानुशच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. बायकोच्या हातातल्या फुलांकडे बघून म्हातारा बोलला, ते तिच्या कानावर पडलं.

“गारेगिनच्या थडग्यावर सात फुलं नेतेस? अगं, मेलेल्याला सम संख्येनं वाहतात, विषम जिवंताला.”

“माझं पोरगं मेलेलं नाही. शाळा बुडवून इथं यायचा तो. येईल परत.”

“युद्धावरून शवपेटी आली ना?”

“बंद आली. आत कोण होतं, देव जाणे! तुम्ही तरी पाहिलंत का?”

“पाहिलं. तू निजल्यावर झाकण उघडून.”

“काय पाहिलंत?”

“करंगळी. लहानपणी पियानोच्या झाकणाखाली चेंगरलेली. तीच, वाकडी.”

रांग पुढे सरकली. ती दोघं जागीच राहिली.

“एक काढते, सहा उरतील. हे आत पियानोवर ठेवू?”

“एकटं फूल जिवंत माणसाला देतात.”

“मग धरा तुम्हीच.”